मंडळीतील स्वयंसेवी सेवकांना तयार करताना: नव्या पाळकांसाठी आणि मुख्य एल्डरांसाठी मार्गदर्शन

सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथात एकाच पाळकाकडे दोन, तीन किंवा त्याहून अधिक मंडळ्या सोपवलेल्या असणे ही नेहमीची गोष्ट आहे. शब्बाथाच्या सकाळी, म्हणजे शनिवारी, तो त्यांपैकी एकाच ठिकाणी असू शकतो. उरलेल्या ठिकाणी उपासना चालवणारा, शब्बाथ शाळेचा, म्हणजे बायबल-अभ्यासाचा, वर्ग घेणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारा आणि अर्पणाचा हिशेब लिहिणारा माणूस आठवडाभर शाळेत, कारखान्यात, रुग्णालयात किंवा शेतात राबून आलेला असतो आणि या सेवेचा त्याला एक रुपयाही मिळत नाही. ज्या पाळकाची नुकतीच अशा मंडळ्यांवर नेमणूक झाली आहे, किंवा ज्याला पहिल्यांदाच मुख्य एल्डर (मंडळीने आपल्यातून निवडलेला प्रमुख वडील) म्हणून निवडले गेले आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे.

ही व्यवस्था पाळकांच्या टंचाईतून निर्माण झालेली तात्पुरती सोय आहे, असा समज प्रथम दूर केला पाहिजे. 21 मे 1863 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे जनरल कॉन्फरन्सची, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च संघटनेची, स्थापना झाली, तेव्हा सुमारे 125 मंडळ्या आणि 3,500 सभासद होते. उपदेशक थोडे होते आणि तेही गावोगाव फिरतीवर असत, त्यामुळे स्थानिक मंडळी चालवणे हे प्रारंभापासून एल्डर आणि डीकन (मंडळीची व्यवस्था व मदतकार्य पाहणारे सेवक) यांचेच काम होते. भारतातही 1893 मध्ये मद्रासला उतरलेले विल्यम लेंकर आणि ए. टी. स्ट्रूप हे घरोघर पुस्तके विकणारे प्रचारक होते. पाळक घडवण्यासाठी पुण्यात स्पायसर महाविद्यालयासारखी संस्था 1942 पासून उभी आहे. एल्डर घडवण्याची शाळा मात्र त्याची स्वतःची मंडळी हीच असते. वर्षातून एकदा सभागृहात सर्वांना एकत्र बसवून दिवसभर व्याख्याने द्यायची, संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटायची आणि त्यालाच प्रशिक्षण म्हणायचे, ही पद्धत माझ्या मते फारशी उपयोगाची नाही. माणूस तयार होतो तो प्रत्यक्ष कामात, कोणीतरी शेजारी उभे असताना.

पहिली पायरी: कोणाचा अधिकार कुठपर्यंत, हे स्वतः नीट जाणून घ्यावे

चर्च मॅन्युअल ही नियमपुस्तिका 1932 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार जनरल कॉन्फरन्सच्या महाअधिवेशनालाच आहे. त्यामुळे कपाटातील जुन्या प्रतीवर विसंबू नये. अलीकडचे महाअधिवेशन जुलै 2025 मध्ये सेंट लुईस येथे झाले आहे, हे ध्यानात ठेवून ताजी प्रत मिळवावी आणि नव्या एल्डरबरोबर बसून त्याच्या पदाचे प्रकरण मोठ्याने वाचावे. घरी वाचायला दिलेली पुस्तिका सहसा घरीच राहते.

एल्डरची निवड मंडळी एका वर्षासाठी, किंवा तसा ठराव असल्यास दोन वर्षांसाठी करते. पदासाठी वाहून देण्याचा दीक्षाविधी एकदा झाला की पुन्हा निवडून आल्यावर तो पुन्हा करावा लागत नाही. परंतु निवड झालेली नसताना केवळ पूर्वीच्या दीक्षेच्या बळावर कोणीही एल्डर म्हणून काम करू शकत नाही. दुसऱ्या गावाहून बदली होऊन आलेल्या माणसालाही हाच नियम लागू आहे आणि अशा वेळी तो सौम्यपणे पण स्पष्टपणे सांगावा लागतो. पाळक नसताना एल्डर उपासना चालवतो आणि संदेश देतो. दीक्षित एल्डर प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा, विधीही चालवू शकतो. बाप्तिस्मा देण्यासाठी मात्र त्याला कॉन्फरन्स किंवा मिशनच्या (परिसरातील मंडळ्यांच्या विभागीय संघटनेच्या) अध्यक्षांची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. विवाह लावण्याचे धाडस त्याने करू नये, कारण तेथे मंडळीच्या नियमांखेरीज 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदाही आहे आणि त्या कायद्याप्रमाणे अधिकार नसलेल्या व्यक्तीने लावलेला विवाह त्या जोडप्याला पुढे अडचणीत आणू शकतो.

स्त्रियांना एल्डर म्हणून दीक्षा देण्यास जनरल कॉन्फरन्सच्या समितीने 1975 मध्ये वाट मोकळी केली आणि 1984 मध्ये तो निर्णय पुन्हा कायम केला. डीकनेस (स्त्री-डीकन) भगिनींच्या दीक्षेची तरतूद नियमपुस्तिकेत 2010 मध्ये आली. आपल्याकडे अनेक मंडळ्यांत भेटीगाठी, बालवर्ग आणि आजाऱ्यांची शुश्रूषा यांचा भार भगिनीच वाहतात आणि पदांच्या यादीत मात्र त्यांची नावे शेवटी येतात. यादी करण्यापूर्वी प्रत्यक्षात कोण काय करत आहे, हे दोन-तीन महिने पाहावे.

दुसरी पायरी: निवडीपूर्वी खरे बोलावे

वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत नामनिर्देशन समिती, जिला सारे नॉमिनेटिंग कमिटीच म्हणतात, नेमली जाते. समितीने सुचवलेली नावे मंडळीपुढे वाचली जातात, आक्षेप असल्यास तो समितीकडे खाजगीत मांडता येतो आणि त्यानंतर मंडळी मत देते. या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे त्या व्यक्तीशी आधी बोलणे. उपासनेत नाव वाचले गेल्यावर "नाही" म्हणणे आपल्या समाजात जवळजवळ अशक्य असते, म्हणून माणूस मुकाट्याने पद घेतो आणि मार्चपर्यंत गळून जातो. समितीच्या वतीने दोघांनी त्याच्या घरी जावे, शक्यतो पती-पत्नी दोघेही असताना, आणि काम किती आहे ते न लपवता सांगावे. "विशेष काही नाही हो, नावापुरतेच आहे" हे वाक्य कधीही उच्चारू नये. पद नावापुरते असेल तर ते रिकामे ठेवलेले बरे.

काही जुन्या मंडळ्यांत एल्डर, खजिनदार आणि क्लार्क (सभासदांच्या नोंदी ठेवणारा) ही तिन्ही पदे एकाच आडनावाच्या घरात वर्षानुवर्षे राहतात. अशा घराण्याची सेवा नाकारण्याचे कारण नाही, पण पद वारसाहक्काने जात नाही हे समितीच्या पहिल्याच बैठकीत, कोणाचेही नाव चर्चेत येण्यापूर्वी सांगून ठेवावे. नावे पुढे आल्यावर तेच वाक्य टोमणा ठरते.

तिसरी पायरी: काम कागदावर उतरवावे आणि जुन्या सेवकाकडून ताबा घ्यावा

प्रत्येक पदासाठी एका पानात मावेल असे टिपण साध्या मराठीत तयार करावे. दर आठवड्याला काय करायचे, महिन्याला काय करायचे, खर्च करावा लागला तर किती रकमेपर्यंत स्वतःच्या अधिकारात, अडचण आल्यास प्रथम कोणाला फोन करायचा आणि मुदत कधी संपते, एवढे त्यात असले की पुरे. शेवटची बाब अनेकांना क्षुल्लक वाटते, पण ज्याला आपल्या सेवेचा शेवट दिसतो तोच मनापासून सुरुवात करतो.

ताबा देण्यासाठी जुना आणि नवा सेवक, दोघांनी एकदा एकत्र बसावे. किल्ल्या, सभासदांचे रजिस्टर, पावती पुस्तके, बँकेतील सह्यांचे बदल, प्रभुभोजनाची भांडी, ध्वनिक्षेपकाची अडचण दुरुस्त करणाऱ्या माणसाचा क्रमांक, हे सारे त्या वेळी हातात पडले पाहिजे. क्लार्कच्या रजिस्टरकडे विशेष लक्ष द्यावे. सभासदाचे नाव मंडळीच्या मताशिवाय चढत नाही आणि उतरतही नाही. गाव सोडून मुंबई-पुण्याला गेलेल्यांची सभासदत्वाची पत्रे तिकडच्या मंडळीकडे बदलून दिलेली नसली की तीच माणसे दोन्हीकडून निसटतात.

चौथी पायरी: शेजारी उभे राहून शिकवावे

क्रम सोपा आहे. पहिल्या वेळी नव्या सेवकाने पाहावे, दुसऱ्या वेळी दोघांनी मिळून करावे, तिसऱ्या वेळी त्याने करावे आणि अनुभवी माणसाने मागच्या बाकावर बसावे, आणि त्यानंतर त्याला एकटे सोडावे. बहुतेक ठिकाणी चूक होते ती दुसरी आणि तिसरी वेळ गाळून. पुढे घेतलेली दोन कामे या क्रमाने शिकवली की बाकीची कशी शिकवायची ते आपोआप कळते.

पहिले काम प्रभुभोजनाचे. हा विधी साधारणपणे तिमाहीतून एकदा होतो, म्हणजे वर्षभरात शिकण्याच्या संधी चारच. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून त्याची तयारी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी संपली पाहिजे. गव्हाचे पीठ, तेल, पाणी आणि मीठ यांची बेखमीर भाकर डीकनेस भगिनी भाजतात. द्राक्षरस न आंबवलेला असावा लागतो. द्राक्षांच्या हंगामात ताज्या काळ्या द्राक्षांचा रस काढता येतो आणि एरवी मनुका भिजवून, उकळून, गाळून घेतात. या विधीत एकमेकांचे पाय धुतात; त्यासाठी घमेली, स्वच्छ टॉवेल, बादल्या आणि बंधू व भगिनींसाठी वेगवेगळ्या जागा लागतात, आणि हातांसाठी साबण ही नेहमी विसरली जाणारी वस्तू. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांची सोय खुर्चीवर करावी. उरलेली भाकर आणि रस यांची विल्हेवाट आदराने लावायची असते. जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्या घरी नंतर एल्डर व डीकन जातात, म्हणून ती यादीही आधीच हवी. नव्या एल्डरला पहिल्या तिमाहीत केवळ भगिनींच्या तयारीत मदत करायला लावावे. व्यासपीठावरून विधी चालवण्यापूर्वी त्यामागचे कष्ट त्याने पाहिलेले असावेत.

दुसरे काम अंत्यविधीचे. नव्या एल्डरची खरी परीक्षा येथे होते, आणि तिची तारीख कोणी आधी सांगत नाही. आपल्याकडे दफन बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरकतात. पाळक दुसऱ्या तालुक्यात असतो, एसटी वेळेवर मिळत नाही, आणि घरची मंडळी एल्डरच्या तोंडाकडे पाहत असतात. म्हणून कोणीही आजारी नसताना, शांत वेळी, त्याच्याबरोबर पुढील गोष्टी ठरवून ठेवाव्यात. गावात ख्रिस्ती दफनभूमी कोणत्या पंथाच्या ताब्यात आहे आणि परवानगी कोणाकडून मिळते? खड्डा खोदणारे कोण? शवपेटी कुठे मिळते आणि तिचे पैसे तातडीने कोण देईल? रुग्णालयातून किंवा डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण आणेल? मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत 21 दिवसांच्या आत करायची असते आणि दुःखात असलेल्या कुटुंबाला हे आठवण करून देणारा माणूस पुष्कळदा एल्डरच असतो.

कबरीजवळ काय बोलावे, हाही प्रश्न नाजूक आहे. ॲडव्हेंटिस्ट विश्वासाप्रमाणे मृत व्यक्ती प्रभूच्या येण्यापर्यंत निद्रिस्त असते आणि पुनरुत्थानात उठते. भोवती जमलेल्या इतर पंथांच्या आणि इतर धर्मांच्या शेजाऱ्यांचे समज वेगळे असतात आणि "ते आता स्वर्गातून पाहत आहेत" असे कोणीतरी तेथेच म्हणते. त्या क्षणी वाद घालणारा एल्डर सिद्धांत राखतो आणि माणसे गमावतो. 1 थेस्सलनीकाकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील 13 ते 18 ही वचने सावकाश वाचावीत, आशेविषयी चार वाक्ये बोलावीत, प्रार्थना करावी आणि थांबावे. दहा मिनिटांत संपणारा असा क्रम त्याने वहीत लिहून ठेवावा आणि पाळकाला एकदा वाचून दाखवावा. पाळकाने पुढच्या अंत्यविधीला त्याला बरोबर न्यावे, मग ते गाव त्याचे नसले तरी चालेल.

संदेश देण्याविषयी थोडक्यात सांगतो. नवख्या एल्डरला पहिला संदेश पंधरा मिनिटांचाच द्यावा, एकाच उताऱ्यावर, आणि तो झाल्यावर त्याच दिवशी दोष सांगू नयेत. सोमवारी फोन करून काय चांगले झाले आणि कोणती एक गोष्ट बदलावी, एवढेच सांगावे.

तरुणांना बाकावर बसवून ठेवण्याचे कारण नाही. 1879 मध्ये मिशिगनमधील हेझेल्टन येथे पंथातील पहिली तरुणांची संघटित सभा सुरू करणारे ल्यूथर वॉरन आणि हॅरी फेनर हे अनुक्रमे 14 आणि 17 वर्षांचे होते. आपल्या मंडळीतील सतरा वर्षांच्या मुलीला शब्बाथ शाळेच्या सचिवाचे काम द्यायला जे कचरतात, त्यांना ही वये ऐकवावीत.

पाचवी पायरी: पैसा आणि लहान मुले यांच्या बाबतीत विश्वासावर सोडू नये

अर्पण दोघांनी मोजावे, दोघांनी सही करावी आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत. पाकिटातून आलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. दशमांश, म्हणजे सभासदाने दिलेला उत्पन्नाचा दहावा भाग, हा स्थानिक मंडळीच्या खर्चासाठी नसतो. खजिनदाराने तो ठरलेल्या वेळी मिशन किंवा कॉन्फरन्सच्या कार्यालयाकडे पाठवायचा असतो. पावसाळा तोंडावर आला, छपराचे पत्रे गळत आहेत आणि दशमांशाची रक्कम हातात आहे, अशा वेळी "पुढच्या महिन्यात भरू" असा मोह होतो. नव्या खजिनदाराला हे उदाहरण देऊनच सांगावे आणि छपरासाठी वेगळे अर्पण गोळा करण्याची जबाबदारी चर्च बोर्डाने (मंडळीच्या कार्यकारी समितीने) घ्यावी, ती त्याच्या एकट्याच्या माथी मारू नये. दरवर्षी होणारी हिशेबतपासणी म्हणजे संशय नव्हे, ती खजिनदाराचे संरक्षण आहे.

बालवर्ग, पाथफाइंडर (मुलामुलींचे स्काउटसारखे पथक) आणि शिबिरे यांत एकट्या प्रौढाने मुलांबरोबर बंद खोलीत राहू नये, हा नियम सर्वांना सारखाच लागू करावा, पाळकालाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. "मंडळीची बदनामी होईल, आपण आपसात मिटवू" हा सल्ला कायद्याने आणि शास्त्राने, दोन्हींनी चुकीचा आहे. बालवर्गाच्या प्रत्येक शिक्षकाला हे तोंडी सांगावे आणि 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावावा.

सहावी पायरी: साधने आणि प्रवासखर्च

शब्बाथ शाळेचा पाठ मराठीत आणि वेळेवर हातात पडतो का, हे पाळकाने स्वतः पाहावे. ज्यांना वाचताना त्रास होतो त्यांच्यासाठी कोणीतरी आठवड्याचा पाठ मोठ्याने वाचून त्याचे ध्वनिमुद्रण मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले तर वर्गातील चर्चेचा रंगच बदलतो. इंग्रजीतील जाड हस्तपुस्तिका एल्डरच्या हाती देऊन जबाबदारी झटकू नये. त्यातील आवश्यक चार पाने कोणाकडून तरी मराठीत करून घ्यावीत.

भेटीगाठींसाठी लागणारे पेट्रोल आणि बसभाडे यांची तरतूद मंडळीच्या अंदाजपत्रकात असावी. स्वयंसेवक स्वतःहून पैसे मागत नाही. महिन्याला चार घरांना भेटी देणाऱ्या शेतमजूर डीकनच्या खिशाला ते किती जड जाते, हे बोर्डावरील पगारदार सभासदांच्या लक्षातही येत नाही. ज्याला परतफेड नको असेल त्याने ती घेऊन अर्पणात टाकावी. पण देणे सर्वांनाच सारखे असावे, म्हणजे घेणाऱ्याला संकोच वाटणार नाही.

सातवी पायरी: त्यांचा शब्बाथ त्यांना परत द्यावा

विश्रांतीचा दिवस शिकवणाऱ्या मंडळीत स्वयंसेवी सेवकाला सर्वाधिक दमवणारा दिवस शनिवारच असतो, यावर आपण फारसे बोलत नाही. सकाळी लवकर येऊन दार उघडायचे, शब्बाथ शाळा, मग मुख्य उपासना, एकत्र भोजनाची पंगत, दुपारी बोर्डाची बैठक, त्यानंतर युवक सभा आणि सूर्यास्ताची प्रार्थना. घरी पोहोचेपर्यंत मुले झोपलेली असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणजे शुक्रवारी लोकलमध्ये असतानाच त्या गृहस्थाचा शब्बाथ सुरू झालेला असतो आणि त्याच वेळी त्याचा फोन उद्याच्या तयारीसाठी वाजत असतो.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. बोर्डाची बैठक शनिवारी दुपारी ठेवू नये. रविवारी सकाळी किंवा सप्ताहातील एका संध्याकाळी ठेवावी आणि दीड तासात संपवावी. प्रत्येक पदासाठी एक जोडीदार तयार करावा. तिमाहीची पाळीपत्रिका करताना प्रत्येक सेवकाला निदान एक शनिवार पूर्णपणे मोकळा ठेवावा, ज्या दिवशी तो आपल्या बायकामुलांबरोबर बाकावर बसेल आणि त्याला कोणी "जरा एवढे पाहता का" असे म्हणणार नाही. शुक्रवारी दुपारनंतर कामाचे निरोप पाठवायचे नाहीत, असा संकेत व्हॉट्सॲप गटावर पाळावा आणि तो प्रथम पाळकाने पाळावा.

याखेरीज पाळकाने किंवा मुख्य एल्डरने पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक सेवकाला फोन करावा आणि त्या फोनवर मंडळीचे काम काढू नये. मुलाची शनिवारी आलेली परीक्षा, नोकरीत शनिवारच्या सुट्टीवरून चाललेली कुरबूर, आईचे दुखणे, यांविषयी विचारावे. परीक्षेची तारीख बदलून मिळण्यासाठी शाळेला किंवा महाविद्यालयाला मंडळीच्या वतीने पत्र लागत असेल, तर ते त्याच आठवड्यात द्यावे. दुसऱ्यांच्या मुलांसाठी धावणाऱ्या एल्डरच्या स्वतःच्या मुलासाठी कोणी धावले, की त्याच्या घरच्यांचा मंडळीविषयीचा राग पुष्कळ ओसरतो.

आठवी पायरी: मतभेद आणि मुदतीचा शेवट

चूक दिसली तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे प्रथम एकांतात बोलावे, आणि ते लवकर बोलावे. एल्डरला बोर्डासमोर किंवा गटावर जाहीरपणे टोकणारा पाळक पुढच्या वर्षी नवे नाव शोधताना दमतो, कारण ते सर्वांनी पाहिलेले असते.

मुदत संपत आल्यावर, म्हणजे साधारण सप्टेंबरमध्ये, प्रत्येक सेवकाशी अर्धा तास बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. कोणते काम मनापासून आवडले, कोणते ओझे झाले, आणि पुढच्या वर्षी पद सोडायचे आहे का? सोडायचे असल्यास ते उत्तर नामनिर्देशन समितीपर्यंत जसेच्या तसे पोहोचवावे; आग्रहाने मन वळवू नये. जाणाऱ्याचे आभार उपासनेत नाव घेऊन मानावेत, त्याने केलेल्या एखाद्या विशिष्ट कामाचा उल्लेख करावा, आणि जानेवारी ते मार्च या तिमाहीत नव्या सेवकाने अडल्यास त्याला विचारावे, एवढीच विनंती त्याच्याकडे ठेवावी. एप्रिलपासून तीही ठेवू नये.